बटणांखालचे दिवे

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकीणबाईंकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस. मी तासभर त्यांच्या सोफ्यावर ठाण मांडून बसले होते, शेवटी बिचाऱ्यांनी कंटाळून दिला.

भांडण मिटवायला लिहीत नाहीये. पाच महिन्यांपूर्वी त्या हॉलमध्ये, भर कार्यक्रमात, तू तुझ्या दादाच्या कानात काहीतरी बोललास, लोक हसले, तो तुला "निघ इथून" म्हणाला आणि तू तुझा लॅपटॉप काखोटीला मारून निघालास. दोघंही थोरच. मी कोणाची बाजू घेत नाही, म्हणजे निदान कागदावर तरी घेत नाही.

माझं काम वेगळं आहे. तुमचा तो डीजे कंट्रोलर त्या दिवसापासून कपाटावर चादरीत गुंडाळून पडला होता. तुझा दादा त्याच्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. सकाळी चष्म्याच्या दुकानात जातो, काचा घासतो, सात वाजता येतो, जेवतो, झोपतो. घरात गाणं वाजत नाही. शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, कोणी आजारी आहे का.

माझी शाळा दुपारी एकला सुटते. गेल्या आठवड्यात मी स्टुलावर चढून कंट्रोलर खाली काढला, पुसला आणि आपल्या जुन्या संगणकाला जोडला. तुम्ही सुरुवातीला वापरायचात ते फुकटचं सॉफ्टवेअर त्यावर अजून आहे. ओपन सोर्स म्हणतात ना, ज्याचं पोट कुणालाही उघडून बघता येतं. गाणं लागलं. डावीकडचं लागलं, उजवीकडचं लागलं, मधली पट्टी सरकवली की एकातून दुसऱ्यात जातं. सगळं चालतं, फक्त बटणांचे दिवे लागत नाहीत. एकही नाही.

दिवे का लागत नसतील?

हा प्रश्न मला चावतोय. बावीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत वायरी मांडते आहे, पण त्या सगळ्या प्रयोगांची उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली असतात. हे उत्तर कुठे छापलेलं आहे ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचीच मजा वाटते आहे.

घाईचं कारणही सांगून टाकते. त्या नाच शिकवणाऱ्या बाई आठवतात ना, साठीपुढच्या जोडप्यांचा शनिवार-दुपारचा वर्ग घेतात त्या? १४ मार्चला त्यांच्या वर्गाला दहा वर्षं होतात. तेव्हा तुझ्या दादानेच वाजवावं म्हणून त्या घरी आल्या होत्या. तो दुकानात होता. मी "हो" म्हणून बसले. त्याला अजून सांगितलेलं नाही. दिवे लागले की सांगेन. नाही लागले तर काय करायचं ते ठरवलेलं नाही. त्या दिवशी तो उभा राहिला नाही तर पुन्हा कधीच राहणार नाही, एवढं मला कळतं. बायकोला कळतं ते.

तर दिव्यांचं कसं करायचं, ते कळव.

तुझी वहिनी

ता. क. दादाला यातलं काही माहीत नाही. तो यायच्या आत सगळं परत कपाटावर जातं.


१० फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. "बल्ब गेले असतील. नवीन घ्या. नमस्कार." सहा शब्द, त्यातला एक नमस्कार. तारेनेसुद्धा लोक याहून जास्त लिहीत असत.

तरी मी तुझं ऐकलं. शाळेतून मल्टिमीटर आणला, कंट्रोलर ओट्यावर पालथा घातला आणि मागचे स्क्रू काढले. बारा होते. एक फ्रिजखाली गेला, तो काढायला फ्रिज हलवला, फ्रिजमागे माझी हरवलेली कात्री सापडली. आत प्रत्येक बटणाखाली मोहरीएवढा दिवा आहे. मी मल्टिमीटरची टोकं एकेका दिव्याला लावत गेले. लावलं की मिणमिण पेटायचा, काढलं की विझायचा. असे चोवीस तपासले. एकही गेलेला नाही. म्हणजे तुझं निदान साफ चुकलं, आणि तू ते दूरवर बसून, वस्तू न बघता केलंस. उंटावरून शेळ्या हाकू नयेत, धाकट्या.

परत सगळं बंद करून वायर जोडली आणि त्या क्षणी मला दिसलं. वायर लागताच सगळे दिवे एकदम पेटतात, पापणी लवते तेवढाच वेळ, आणि विझतात. आधी मी दहा वेळा तरी ती वायर जोडली असेल, पण दर वेळी माझं लक्ष पडद्याकडे. मुलांना मी रोज ओरडते, उपकरणाकडे बघा, वहीकडे नको. स्वतः मात्र वहीकडेच बघत होते.

मग इंटरनेटवर या सॉफ्टवेअरच्या लोकांचं एक चर्चेचं पान आहे, तिथे प्रश्न टाकला. 'घुबड' असं नाव लावणारं कोणीतरी आहे, त्याने तासाभरात उत्तर दिलं. घुबड म्हणजे बाई की बुवा माहीत नाही, पण समजावतं छान. म्हणालं, बटण आणि त्याखालचा दिवा एकमेकांना जोडलेलेच नसतात. बटण दाबलं की संगणकाकडे तीन आकडे जातात. संगणकाने तिकडून तीन आकडे परत पाठवले तर दिवा लागतो. नाही पाठवले तर नाही.

मी दोनदा वाचलं. बावीस वर्षं मी शिकवते आहे की कळ दाबली, परिपथ पूर्ण झाला, दिवा लागला. इथे कळ दाबली की फक्त अर्ज जातो. दिवा म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं पत्र.

ते आकडे बघायची एक खिडकीही घुबडाने दाखवली. डावीकडचं प्ले दाबलं की १४४, ११, १२७. सोडलं की १४४, ११, ०. उजवीकडचं दाबलं की १४५, ११, १२७. म्हणजे पहिला आकडा कुठली बाजू, दुसरा कुठलं बटण, तिसरा दाबलं की सोडलं. मी दुपारभर एकेक बटण दाबून आकडे प्रयोगवहीत उतरवत बसले. साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं रीतसर. भाजी करपली. रात्री तुझ्या दादाने विचारलं, "लक्ष कुठे होतं?" मी म्हटलं, शाळेच्या कामात. खोटं नव्हतं अगदी.

आता प्रश्न असा की अर्ज जातोय आणि उत्तर येत नाहीये, तर ते अडलंय कुठे? घुबड विचारतंय, कंट्रोलरची आणि सॉफ्टवेअरची ओळख करून देणारी फाइल कोणी लिहिली आहे? मी म्हटलं, माझ्या दिराने. तर म्हणालं, मग दिरालाच विचारा.

विचारते आहे.

वहिनी


१७ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

या वेळी चक्क अर्धं पान लिहिलंस. शाई स्वस्त झाली वाटतं तुझ्याकडे.

पण माझ्या प्रश्नाला उत्तर नाही, उलट तूच विचारतोस. "दादाला दिवे कशाला हवेत? तोच म्हणायचा की वाजवायचं कानांनी, डोळ्यांनी नाही. डोळे मिटून वाजवणारा माणूस तो. मी लुकलुक दिव्यांकडे बघायचो तर मला हसायचा." बरोबर आहे, हसायचा. पण वय होतं माणसाचं. पन्नाशी आली की जिन्यातसुद्धा दिवा लागतो. एवढंच.

तुझ्या मदतीवाचून मी पुढे गेले आहे. फाइल मी उघडली. मला वाटलं होतं आत काही भयंकर असेल, तर नुसता मजकूर निघाला, पत्रासारखा. वरपासून वाचत गेले. अर्ध्याहून जास्त कळलं नाही, पण १४४ आणि ११ भेटले की ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तसं वाटायचं. मग खाली एका जागी वीस-पंचवीस ओळी अशा, की प्रत्येकीच्या आधी दोन तिरक्या रेघा. घुबडाला विचारलं. म्हणालं, दोन तिरक्या रेघांपुढे जे असेल ते संगणक वाचतच नाही. ते माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं असतं, किंवा मुद्दाम झाकून ठेवलेलं.

आणि त्या ओळींच्या डोक्यावर, तशाच दोन रेघांमागे, तू लिहिलं होतंस: "दादाला सर्कस वाटते. दिवे बंद. तो खूश तर मी खूश."

म्हणजे ह्या घरातले दिवे तूच घालवलेस होय? मी बारा स्क्रू काढले, फ्रिज हलवला, चोवीस मोहऱ्या तपासल्या, भाजी जाळली, आणि चोर घरातलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी खूप हसले. मग ती ओळ पुन्हा वाचली आणि हसू थांबलं. पंचवीस ओळी तू मेहनतीने लिहिल्या असशील, दिवे लागल्यावर नाचला असशील, आणि तो एक शब्द "सर्कस" म्हणाला तर एकेका ओळीपुढे दोन दोन रेघा मारत बसलास. पुसल्यासुद्धा नाहीस. मला हे काही माहीत नव्हतं, आणि त्यालाही माहीत असेल असं वाटत नाही.

असो. मी रेघा काढल्या, एकेक. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. डावीकडचं प्ले दाबलं आणि ते हिरवं झालं. मी स्वयंपाकघरात एकटी होते, तरी "आलं उत्तर" असं मोठ्याने म्हणाले. गाणं संपत आलं की तेच बटण उघडझाप करायला लागतं, हेही तूच केलेलं दिसतं. फार उपयोगाचं आहे. तुला कल्पना नाही किती उपयोगाचं आहे.

आता एकच राहिलं. ठेक्याचा दिवा. घुबड म्हणतं की गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला एक दिवा लागून विझेल असं करता येतं. डाव्या गाण्याला डावा, उजव्याला उजवा. दोन्ही एकदम लुकलुकले की दोन गाण्यांचे ठेके जुळले. ते तुझ्या फाइलमध्ये नाही, आणि मला लिहिता येत नाहीये. तीन दुपारी डोकं फोडलं. तो दिवा नसेल तर बाकीचे असून नसून सारखेच आहेत. तेवढ्या ओळी लिहून पाठव. चौदा तारीख काही माझ्यासाठी थांबणार नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

पकडलंस. ठेका डोळ्यांनी बघायची पाळी दादावर का आली, ते सांगितल्याशिवाय एकही ओळ देणार नाहीस, असं लिहितोस. चूक माझीच. माझी जीभ आवरत नाही आणि पेन तर त्याहून नाही.

मी तुझ्या दादाला वचन दिलं होतं. आज मोडते आहे. कागद पोस्टात पडला की मागे घेता येत नाही, म्हणूनच फोनवर नाही सांगत.

त्याचा डावा कान गेला. मागच्या वर्षी जानेवारीत त्याला ताप आला होता, आठवतं? चार दिवसांत ताप उतरला, पण कान गेला तो गेलाच. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. उजवा ठणठणीत आहे, डावा परत येणार नाही म्हणाले. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "धाकट्याला सांगायचं नाही. कोणालाच नाही. एका कानाच्या माणसाला कोण वाजवायला बोलावतं?" मी हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काय म्हणणार होते?

तुला मी हे समजावायची गरज नाही, पण मला स्वतःला समजायला वेळ लागला म्हणून लिहिते. डीजेचा एक कान हॉलकडे असतो आणि दुसरा हेडफोनमध्ये, पुढच्या गाण्याकडे. दोन कानांचं काम आहे ते. त्याच्याकडे एकच उरला. आठ महिने त्याने कसं निभावलं देव जाणे. तू शेजारी असायचास, तुझ्या हालचालीवरून अंदाज घ्यायचा. मी समोर उभी राहून मान डोलवायचे. अळीमिळी गुपचिळी, आम्हा दोघांची.

आणि मग तो हॉल. तू सामान बघायला खाली गेला होतास. संथ गाणं होतं. त्याने उजव्या कानाला हेडफोन लावला आणि पुढचं गाणं ऐकायला लागला, डोळे मिटून, नेहमीसारखा. हॉलमधलं गाणं संपलं. त्याला कळलं नाही. धाकट्या, दोनशे माणसं उभी होती, सगळीकडे चिडीचूप, आणि तुझा दादा डोळे मिटून ठेका धरून मान हलवत होता. दीड मिनिट असेल. मला तर तासाभराचं वाटलं.

मी दहा पावलांवर होते.

हे मी कोणाला बोललेले नाही. माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. मला सगळं दिसत होतं, आणि मला एकटीलाच ते का होतंय हे माहीत होतं. दहा पावलं चालून त्याच्या खांद्याला हात लावायचा होता. पण मनात आलं की मी धावत गेले तर लोक विचारतील काय झालं, आणि वचन मोडेल. मी वचन सांभाळत उभी राहिले आणि त्याची लाज निघू दिली. शेवटी तू धावत आलास.

तू त्याला बेफिकीर समजलास. "प्यायला होता का?" असं तू निघताना मला दारात विचारलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तुझाही राग आला होता, कारण तू त्याच्या कानात काहीतरी बोललास आणि त्याच वेळी लोक हसले. काय बोललास ते इतक्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. तो तर त्यावर चकार शब्द काढत नाही. एकदाच म्हणाला, "सगळ्यांना हसवायचंच होतं तर माझ्या तोंडावर हसवायचं." त्यावरून मी अंदाज बांधला.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. या महिन्यात मला सवय लागली आहे, अंदाजावर थांबायचं नाही, आकडा बघायचा. तर सांग. त्या दिवशी तू त्याला काय म्हणालास? वाईट असलं तरी चालेल.

आणि आता त्या ठेक्याच्या दिव्याच्या ओळी पाठव. डॉक्टर कान देऊ शकत नाहीत, पण डोळे त्याचे चांगले आहेत. दिवसभर काचाच तर बघतो.

वहिनी


६ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. बसून वाच.

तुझा लिफाफा सोमवारी आला. आत एकच कागद, त्यावर तुझ्या बारीक अक्षरात अकरा ओळी, ठेक्याच्या दिव्याच्या. बाकी एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, रागावला आहे. वर्षभर सगळं लपवलं म्हणून रागावला आहे, आणि काय बोलला होता ते सांगायची त्याला लाज वाटते. दोन्ही मला पटलं. मी कागद पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि टंकायला बसले.

माझी फजिती ऐक. ओळी टाकल्या, दोन गाणी लावली, आणि दोन्ही दिवे एकदम लुकलुकायला लागले. अगदी बरोबरीने. मी म्हटलं वा, पहिल्या फटक्यात ठेके जुळले. दुसरी दोन गाणी लावली. तीही जुळली. एक संथ आणि एक पळतं गाणं लावलं. तीसुद्धा जुळली. मंगळवारची अख्खी दुपार मी स्वतःवर खूश होते. बुधवारी शाळेत मुलांना सांगत होते की नुसतं हवं ते उत्तर आलं म्हणून प्रयोग बरोबर ठरत नाही, आणि माझ्याच हातातला खडू थांबला. घरी येऊन एकच गाणं लावलं, डावीकडचं. दोन्ही दिवे लुकलुकले. उजवीकडे गाणंच नाही आणि दिवा ठेका धरून नाचतोय. दोन्ही दिवे मी डाव्याच गाण्याला जोडून ठेवले होते. तू बरोबर लिहिलं होतंस, मी एक ओळ दोनदा उतरवली.

काल ते नीट केलं. आज दुपारी पुन्हा पहिल्यापासून तपासत होते. डावं गाणं, डावा दिवा. उजवं गाणं, उजवा दिवा. दोघं आपापल्या चालीने लुकलुकत होते. मग मी बाजूची वेगाची पट्टी हळूहळू सरकवत गेले, तसे ते जवळ येत गेले, जवळ येत गेले, आणि एकदम बरोबर लागायला लागले. मी हेडफोन लावलेला नव्हता. आवाजही बंद ठेवला होता. नुसत्या डोळ्यांनी मी दोन गाणी जुळवली, धाकट्या. मी, जिला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नाहीत.

त्या नादात मला दार उघडलेलं कळलं नाही. आज दुकानाची वीज गेली म्हणून तुझा दादा चारलाच आला होता.

मान वर केली तर तो टेबलापलीकडे उभा. कंट्रोलर, संगणक, प्रयोगवही, सगळं पसरलेलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. मी बोलायला लागले, नाचाच्या बाई, चौदा तारीख, सगळं एका दमात. पण तो माझ्याकडे बघत नव्हता आणि दिव्यांकडेही नाही. तो तांब्याकडे बघत होता.

तुझा कागद माझ्या बाजूने अकरा ओळी दाखवत होता. त्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते मी चार दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. आकडे दिसले की मला बाकी काही दिसत नाही. मागची बाजू त्याच्याकडे होती.

त्याने कागद उचलला आणि उभ्यानेच वाचत राहिला. मग खुर्ची ओढून बसला, आणि कागद उलटा करून माझ्यापुढे धरला. मी वाचलं. तू लिहिलं होतंस:

"वहिनी, मला कानाचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी दुसऱ्या बाजूला गेलो असतो. त्या दिवशी मी धावत आलो, घाईत जे हाताला लागलं ते गाणं लावलं, ते नेमकं लहान मुलांचं निघालं आणि त्यावर लोक हसले. मी दादाच्या कानाशी वाकून म्हणालो, 'दादा, काही झालेलं नाही. तू बस. मी आहे ना.' त्यावर तो म्हणाला, निघ इथून. पाच महिने मी विचार करतोय की यात माझं काय चुकलं."

डावीकडे उभा होतास तू. मला आता लख्ख आठवतं. तू डावीकडे वाकला होतास.

मला तुझ्या दादाकडे बघायची हिंमत होत नव्हती. बराच वेळ तो नखाने टेबलाची कड खरवडत बसला होता. मग म्हणाला, "मला वाटलं, त्याला कानाचं कळलंय. मुद्दाम त्या बाजूने बोलला, मला ऐकू येऊ नये म्हणून. आणि जे बोलला त्याला लोक हसले." मी म्हटलं, मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "मला वाटलं, तू सांगितलंस." म्हणजे पाच महिने तो माझ्यावरही चिडून होता, आणि मी मात्र वचन पाळल्याच्या थाटात वावरत होते. बघ कसे आहोत आम्ही.

मी रडले. तो रडला नाही, पण त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

चौदा तारखेचं तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कंट्रोलर स्वतःकडे फिरवून घेतला. डावं प्ले दाबलं, उजवं दाबलं, आणि दोन दिव्यांकडे बघत राहिला, मान जराही न हलवता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दिवे जुळले, तसं त्याने आवाजाचं बटण फिरवलं. पाच महिन्यांनी घरात गाणं लागलं. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "सर्कसच आहे," तो म्हणाला, पण हात मागे घेतला नाही.

मग गाणं बंद केलं आणि तुझा कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "वाच."

मी म्हटलं, तू वाचलंस ना आत्ताच.

"तो काय म्हणाला तेवढं वाच. मोठ्याने." आणि टेबलावर पुढे वाकून त्याने मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि डोळे मिटले.

मी वाचलं. तो म्हणाला, "परत." मी परत वाचलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला, तर म्हणाला, "असं नको, त्याच्यासारखं म्हण." आता तुझ्यासारखं मला कसं म्हणता येणार?

शनिवारी चौदाला, दुपारी तीन वाजता. ये, आणि उजव्या बाजूने ये.

वहिनी